पगारे मॅडमची विशेषणं

वर्गात कुणी ‘नाइस’ म्हटलं की पगारे मॅडम चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. त्यांचा नंबर मोठा होता. चष्म्याशिवाय समोरचा माणूस त्यांना कपड्यांच्या रंगाचा एक पुसट डाग दिसायचा. तशाच नजरेने बघत त्या म्हणायच्या, “माय मदर इज नाइस. बरं. आता मला जेवढं दिसतंय, तेवढंच तुम्ही मला सांगितलंत.” मग चष्मा पुन्हा चढवून हात पुढे करायच्या. म्हणजे, आता सांगा आई कशी आहे ते.

नाशिकला द्वारका चौकाजवळ टायरच्या एका दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर आमचा क्लास होता. परदेशी नोकरी शोधणाऱ्या नर्सेस आणि आयटीआय झालेली मुलं तिथे इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करायला येत. मी व्याकरण शिकवायचो, मॅडम शब्दसंपत्ती. वेळापत्रकात त्यांच्या तासाला ‘ॲडव्हान्स्ड व्होकॅब्युलरी’ असं भारदस्त नाव होतं, पण त्या शिकवत विशेषणंच. बाकीचे शब्द आपोआप येतात म्हणत. दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने एक कागद चिकटवला होता : ‘चपला आणि व्हेरी बाहेर काढून ठेवा.’ व्हेरी थिन, व्हेरी टॉल, व्हेरी सॅड असलं काही त्यांना चालत नसे. व्हेरी लावणारा माणूस नीट बघायचा कंटाळा करतो, असं त्यांचं मत होतं.

त्या साठीच्या आसपासच्या असतील. बुटक्या, ताठ, भराभर चालणाऱ्या. खळ घातलेली सुती साडी, खांद्याला काळी पिशवी. नाशिक रोडला जेलरोडच्या बाजूला एका लहानशा फ्लॅटमध्ये एकट्या राहत. सकाळच्या पहिल्या तासाला त्यांचा आवाज खरखरीत असायचा आणि दुपारपर्यंत मोकळा व्हायचा. घशाचं काही दुखणं असेल, असं मला वाटे. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं, की आदल्या संध्याकाळी क्लास सुटल्यापासून त्या कुणाशी बोललेल्याच नसत.

शिकवायची त्यांची तऱ्हा उलटी होती. इंग्रजी शब्द द्यायच्या आधी त्या मराठी मागायच्या. ‘थिन’ला मराठीत काय म्हणाल, असं विचारलं की पोरं ‘बारीक’ म्हणून गप्प व्हायची. मग त्या एकेकाकडून काढून घ्यायच्या. सडपातळ. शिडशिडीत. किडकिडीत. काटकुळा. हडकुळा. रोडावलेला. खप्पड. फळा भरला की विचारायच्या, शिडशिडीत आणि किडकिडीत एकच का? वर्गात भांडणं लागायची. चांदवडचा एक मुलगा एकदा म्हणाला, शिडशिडीत माणूस वाऱ्यात चालतो आणि किडकिडीत माणसाला वारा चालवतो. त्या दिवशी मॅडम इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग शेजारी इंग्रजी रांग : स्लेंडर, लीन, स्किनी, बोनी, गॉन्ट. काटक म्हणजे वायरी. गाल बसलेला, डोळे खोल गेलेला तो गॉन्ट. “शब्द पाठ करू नका,” त्या सांगायच्या. “माणूस शोधा आणि शब्द त्याला घालून बघा. खांद्यात बसतोय का, बाही लांब होतेय का.”

आमच्या संचालकांना हे परवडत नव्हतं. त्यांना दोन महिन्यांत गुण हवे असत. त्यांनी तीनशे विशेषणांची एक पुस्तिका छापून आणली आणि रोज दहा शब्द पाठ करून घ्या म्हणाले. मॅडमनी पुस्तिका वाटली. आठवड्याने एका मुलीने आईवर निबंध लिहिला, त्यात आई ‘स्प्लेंडिड, एक्स्क्विझिट अँड मॅग्निफिसंट’ होती. मॅडमनी तो संचालकांच्या टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, ही बाई उद्या द्वारकेला रस्ता ओलांडताना हरवली, तर या कागदावरून तुम्ही तिला ओळखाल का?” संचालक हसले. मीही हसलो. पुस्तिका पुढे कपाटात गेली. त्यांनी दुसरं कुठलंही उदाहरण न घेता हेच का घेतलं, हे तेव्हा आमच्या डोक्यात आलं नाही.

एका दिवाळीत, भाऊबीजेच्या दुपारी मी क्लासवर विसरलेला चार्जर आणायला गेलो. कुलूप उघडं होतं. मॅडम आत बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत शब्द लिहीत होत्या. क्लास अजून आठ दिवसांनी उघडणार होता. इथे कशा, असं विचारलं तर म्हणाल्या, घरी जिन्यात फार वर्दळ आहे, प्रत्येकाकडे कुणी ना कुणी आलंय, लक्ष लागत नाही. मी म्हटलं, माझी बहीण आलीय, चला आमच्याकडे जेवायला. त्यांनी मान हलवली. “आज नको. आज बहिणीला तुमच्याकडे बघू दे.” मी चार्जर घेऊन निघालो. खाली उतरताना मागे पंख्याचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

त्यानंतर वर्षाभराने एका शुक्रवारी त्यांनी मला विचारलं, “निकम सर, रविवारी सिन्नरला येता का माझ्याबरोबर? मला एका माणसाला बघायचंय. बघताना शेजारी कुणीतरी असलेलं बरं.” इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी कशासाठी ते विचारलं नाही.

द्वारकेहून एसटीने आम्ही सिन्नरला गेलो आणि पुढे जीपने. रस्त्यावर सापडलेल्या निराधार, मन हरवलेल्या माणसांना सांभाळणारी एक लहान संस्था तिथे आहे. पत्र्याच्या लांबट खोल्या, पुढे कडुनिंब, दोरीवर वाळत घातलेले एकसारखे सदरे. कार्यालयातल्या सविताताई आम्हाला आत घेऊन गेल्या. खिडकीजवळच्या खाटेवर एक माणूस बसला होता. साठीच्या जवळचा, कापलेले पांढरे केस, डाव्या भुवईवर जुन्या जखमेचा वण. वर्षभरापूर्वी महामार्गाच्या कडेला सापडलेला. बोलत नव्हता.

मॅडम त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मी त्यांना एखाद्या गोष्टीकडे बघताना हजारदा पाहिलं होतं, पण असं नाही. चेहऱ्यावरून नजर खाली हातांकडे, पायांकडे, पुन्हा वर. मग त्या बाजूला झाल्या आणि त्याच्या कानाकडे बघितलं. किती वेळ गेला सांगता येणार नाही. शेवटी सविताताईंकडे वळून म्हणाल्या, “नाही. हा नाही.”

सविताताईंनी वहीत तशी नोंद केली. जाता जाता म्हणाल्या, याचं पत्रक आम्ही सगळीकडे पाठवलंय, फोटोही पाठवला, पण सापडला तेव्हा दाढी वाढलेली, चेहरा सुजलेला. कुणी ओळखायचं कसं? मॅडमनी ते पत्रक मागून घेतलं. चार ओळी होत्या. पुरुष, वय अंदाजे साठ, उंची मध्यम, बांधा मध्यम, रंग गहूवर्णी, मुका. त्यांनी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला.

परतीच्या एसटीत, मोहदरीचा घाट उतरल्यावर त्या बोलायला लागल्या. खिडकीकडे तोंड करून, एका सुरात.

त्यांना मिलिंद नावाचा धाकटा भाऊ होता. तेव्हा बावीस वर्षांचा. कारखान्यातलं काम सुटल्यापासून गप्प गप्प असायचा. एका सकाळी मित्राची सायकल परत देऊन येतो म्हणून गेला. सायकल मित्राकडे पोचली, मिलिंद घरी आला नाही. संध्याकाळी वडिलांबरोबर मॅडम पोलीस ठाण्यात गेल्या. वडील पार खचलेले, म्हणून त्याच बोलत होत्या.

“तिथल्या माणसाने विचारलं, वर्णन सांगा. मी एम.ए.ला होते, निकम सर. इंग्रजी विषय घेऊन. आणि मी काय सांगितलं? उंची मध्यम. बांधा मध्यम. रंग सावळा. चेहरा गोल. त्याने तसं लिहून घेतलं, त्याची काही चूक नव्हती. मग आम्ही बाकावर बसलो होतो आणि समोर भिंतीवर हरवलेल्यांची पत्रकं होती. मी वाचत गेले. सगळ्यांची उंची मध्यम. सगळ्यांचा बांधा मध्यम. त्यातला कुणीही मिलिंद असू शकला असता.”

घरी चालत येताना त्यांना एकेक आठवायला लागलं. तो हसताना आधी ओठाची डावी बाजू उचलायचा. उजवी चप्पल घासत चालायचा, म्हणून तीच आधी झिजायची. कानाची पाळी गालाला चिकटलेली होती, आईसारखी. चिडला की आवाज चढायच्या ऐवजी बारीक व्हायचा. दुसऱ्या दिवशी त्या हे सगळं सांगायला गेल्या, तर पत्रकं छापायला गेलेली होती. पुढे वडील गेले, मग आई. मॅडमनी लग्न केलं नाही. दर काही महिन्यांनी त्या निरनिराळ्या संस्थांना मिलिंदची माहिती पाठवत. अशा किती माणसांना त्या बघून आल्या होत्या, ते त्यांनी सांगितलं नाही. तोपर्यंत द्वारका आली होती. उतरल्यावर म्हणाल्या, क्लासमध्ये कुणाला सांगू नका, पोरं मग माझ्याशी जपून बोलतील.

मला वाटलं, प्रकरण तिथे संपलं. पण पुढच्या रविवारी त्या पुन्हा सिन्नरला गेल्या, त्याच माणसाला बघायला. नंतरच्या रविवारीही गेल्या. सविताताईंना सांगून त्यांनी त्याचं नवीन वर्णन लिहायला घेतलं होतं, इंग्रजीत. कारण तो कुठल्या राज्यातला हेच माहीत नव्हतं. एकदोनदा मी बरोबर गेलो. त्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून राहायच्या, तासाभराने एखादी ओळ लिहायच्या, बहुतेक वेळा खोडायच्या. तो मुका नाही, हे त्यांना तिसऱ्या रविवारी कळलं. जेवताना तो घशात काहीतरी गुणगुणायचा. ‘म्यूट’ खोडून त्यांनी ‘टॅसिटर्न’ लिहिलं, मग तेही खोडलं. अबोल माणूस आपल्या मर्जीने गप्प असतो, याच्या मर्जीचं आपल्याला काय ठाऊक, म्हणाल्या.

अडलं ते हातांवर. त्याची बोटं सारखी हलत असायची. दोन्ही हातांचे अंगठे आणि पहिली बोटं एकमेकांजवळ यायची, एक पीळ दिल्यासारखं व्हायचं आणि पुन्हा लांब जायची. सविताताईंच्या मते तो आजाराचा भाग होता. मॅडमनी ‘रेस्टलेस’ लिहिलं आणि त्यांचं समाधान होईना.

मंगळवारी त्यांनी वर्गात ती हालचाल स्वतः करून दाखवली. कुणाची ते सांगितलं नाही. हे हात कसे आहेत, एवढंच विचारलं. पोरांनी मोबाइलवर शोधून शब्दांचा पाऊस पाडला. रेस्टलेस, फिजेटी, नर्व्हस, शेकी, ॲजिटेटेड. मॅडम फळ्यावर लिहीत गेल्या. मागच्या बाकावर शबाना मोमीन बसायची. तिशीची, एका खासगी दवाखान्यात नर्स, माहेर येवल्याचं. ती सहसा बोलत नसे. ती म्हणाली, “मॅडम, परत करा.” मॅडमनी परत केलं. शबाना उठून पुढे आली आणि त्यांची बोटं धरून थोडी सरळ केली.

“हे थरथरत नाहीयेत, मॅडम. हे काम करतायत. माझे अब्बा मागावर तुटलेला धागा असाच जोडतात.”

मॅडमनी खडू खाली ठेवला. नंतर फळ्यावरचे सगळे शब्द पुसले.

त्या रविवारी आम्ही तिघं गेलो. शबानाने रेशमाची एक छोटी लडी आणली होती. तिने धागा तोडून दोन्ही टोकं त्या माणसाच्या मांडीवर ठेवली. त्याने बराच वेळ नुसतं पाहिलं. मग टोकं उचलली, एक ओठांत धरून ओलं केलं, आणि आम्हाला नीट दिसायच्या आत धागा जोडला गेला. त्याने तो ताणून बघितला आणि शबानापुढे धरला, पुढचा तोडून दे म्हणून. शबाना तोडत राहिली, तो जोडत राहिला. मॅडम खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. थोड्या वेळाने येऊन त्यांनी ‘रेस्टलेस’वर काट मारली आणि वर लिहिलं, ‘डेफ्ट’. हात सफाईदार आहेत, बहुधा विणकराचे. तुटलेला धागा ओठांनी ओला करून जोडतात. डाव्या अंगठ्याचं नख लांब राखलेलं आहे. माणूस जेवताना खालच्या पट्टीत गुणगुणतो आणि ताटातला भात आधी चार सारख्या भागांत वाटून घेतो.

तो कागद आणि हातांचे फोटो सविताताईंनी जिथे जिथे हातमाग चालतात तिथल्या विणकर संस्थांना पाठवले. दीड महिन्याने तेलंगणातल्या एका गावाहून फोन आला.

त्याचं नाव नरसय्या होतं. डोक्याला मार लागल्यानंतर त्याला विसर पडत गेला आणि पाच वर्षांपूर्वी तो घरातून निघून गेला होता. त्याला न्यायला त्याची धाकटी बहीण आणि तिचा मुलगा आले. मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं. पन्नाशीची ती बाई खोलीत शिरली, दारातच थांबली, आणि “अन्नय्या” म्हणाली, म्हणजे दादा. तो तिच्याकडे बघत राहिला. ओळख पटली की नाही, कळलं नाही. ती त्याच्या पायाशी बसली आणि तिने त्याची बोटं स्वतःच्या हातात धरली. बोटं हलायची थांबली. इतक्या दिवसांत ती थांबलेली मी पहिल्यांदा पाहिली.

तिचा मुलगा मोडक्या हिंदीत मॅडमना म्हणाला, “पेपर मैं अम्मा को तेलुगू में पढ़के सुनाया. उंगली वाला लाइन आया तो अम्मा खड़ा हो गया.”

निघताना ती बाई मॅडमसमोर आली आणि तेलुगूत खूप काही बोलली. मॅडमना तेलुगूतला एकही शब्द येत नव्हता. मुलगा हिंदीत सांगू लागला तर त्यांनी त्याला हाताने थांबवलं. मग त्या बाईने दोन्ही तळवे मॅडमच्या गालांवर ठेवले आणि नीट बघितलं, एखाद्याला लक्षात ठेवायचं असतं तसं. मॅडमकडे असं कुणी बघितल्याला किती वर्षं झाली असतील, असं माझ्या मनात आलं. त्यांना ते सोसेना. त्यांनी डोळे मिटून घेतले.

जीप गेली. आम्ही एसटीची वाट पाहत उभे होतो. मी म्हटलं, मॅडम, तुमच्यामुळे माणूस घरी गेला. गाडीत बसल्यावर, तिकिटं काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, “मिलिंदचं वर्णन माझ्याकडे पूर्ण आहे. एकही शब्द बदलावा लागणार नाही इतकं. पण ते बावीस वर्षांच्या मुलाचं आहे. आता तो कसा असेल? केस गेले असतील का? जाड झाला असेल? अजून आवाज बारीक होतो का त्याचा? चौतीस वर्षांत ज्याला मी पाहिलेलंच नाही, त्या माणसाला मी कुठलं विशेषण लावू?”

त्या बावीसमध्ये चौतीस मिळवलेला एक छप्पन्न वर्षांचा अनोळखी माणूस आमच्यासमोर बसला आहे, असं मला शिंदे पळसे येईपर्यंत वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मला पुण्याला नोकरी लागली. क्लास हळूहळू मोबाइलवर गेला, मजला कुणीतरी गोदामासाठी घेतला. शबाना परीक्षा पास होऊन परदेशी गेली. तिने मॅडमना पहिल्या बर्फाचं वर्णन लिहून पाठवलं होतं. ते त्यांनी मला फोनवर वाचून दाखवलं. त्यात ब्यूटिफुल नव्हतं.

पुण्याला जायच्या आधीच्या रविवारी मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेलो. कुलूप होतं. समोरच्या बाई म्हणाल्या, रविवारी त्या नसतातच. कुठे असतील हे मला माहीत होतं. मी सिन्नरची गाडी पकडली.

संस्थेत बायकांची खोली मागच्या बाजूला आहे. मी कडुनिंबाखाली थांबलो. दार उघडं होतं. एका खाटेवर नऊवारीतली एक म्हातारी पाय खाली सोडून बसली होती आणि समोर स्टुलावर पगारे मॅडम. मांडीवर वही, पेनाचं टोपण लावलेलं. त्या नुसत्या बघत होत्या. म्हातारी थोडी संकोचली, पदर सारखा केला, इकडेतिकडे पाहिलं. शेवटी तिने विचारलं, “काय बघती गं बाई एवढं? काय हाय माझ्यात बघण्यावानी?”

“अजून कळलं नाही आजी,” मॅडम म्हणाल्या. “थोडं उजेडाकडे तोंड करता का?”

म्हातारीने मान वळवली. दारातून येणारं ऊन तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर पडलं. मॅडम स्टूल ओढून पुढे सरकल्या. मला हाक मारायची होती, पण मी मारली नाही. थोडा वेळ उभा राहिलो आणि फाटकाकडे निघालो.